समुद्रावरची गस्त आणि कायद्याची मर्यादा
(आष्टी (शहीद), जि. वर्धा येथे हुतात्म्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या गावात बोलायला उभे राहणाऱ्या माणसाला तोलून मापून बोलावे लागते. 16 ऑगस्ट 1942 च्या नागपंचमीला इथली माणसे तिरंगा घेऊन पोलीस ठाण्याकडे निघाली. त्या दिवशी जे घडले ते तुमच्या घराघरांत सांगितले जाते. तुमच्या आजी-आजोबांनी ते सोसले, त्यामुळे त्याची कथा मी तुम्हाला सांगणे योग्य नाही. मात्र त्या घटनेनंतर जे झाले त्याचा आजच्या विषयाशी जवळचा संबंध आहे, आणि त्याकडे मी पुढे येणार आहे.

विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. परदेशी समुद्रावर उडून अमली पदार्थांच्या तस्करीवर नजर ठेवणाऱ्या आपल्या सैनिकी वैमानिकाशी आष्टीचा काय संबंध? दोन संबंध आहेत. पहिला असा, की तो माल ज्यांच्या नसांत जातो ती मुले बंदरावरची नाहीत, ती आपल्या वस्तीतली आहेत. दुसरा असा, की या कामात सरकारच्या हाती असलेल्या शस्त्राचा प्रश्न येतो. ते कोणावर, कधी आणि कोणत्या पुराव्यावर उचलायचे, या प्रश्नाची किंमत या गावाइतकी फार थोड्या गावांनी मोजली आहे.

माल कुठून येतो

आधी थोडा भूगोल पाहू. पाकिस्तान आणि इराणच्या दक्षिणेला मकरानचा किनारा आहे. अफगाणिस्तानातून उतरलेले हेरॉईन, चरस आणि अलीकडे मोठ्या प्रमाणात मेथॅम्फेटामाइन तिथल्या लहान लहान बंदरांवरून लाकडी गलबतांत चढते. ही गलबते अरबी समुद्र उतरून पूर्व आफ्रिकेकडे जातात, काही श्रीलंकेकडे आणि मालदीवकडे वळतात, काही आपल्या गुजरात-केरळच्या किनाऱ्याजवळ थांबून दुसऱ्या बोटींत माल उतरवतात. यालाच तस्करीचा दक्षिण मार्ग म्हणतात.

एप्रिल 2022 मध्ये तालिबानने अफूच्या लागवडीवर बंदी घातली. त्याआधी तिथे सुमारे 2 लाख 33 हजार हेक्टरवर अफू होती. 2023 मध्ये ती 10,800 हेक्टरवर आली, म्हणजे 95 टक्के घट झाली, असे संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित कार्यालयाने नोंदवले. एवढ्या घटीनंतर धंदा बसायला हवा होता, पण तसे झाले नाही. जुना साठा बाजारात येत राहिला, शेतात पिकणाऱ्या अफूची जागा कारखान्यात शिजणाऱ्या मेथने घेतली, आणि अफूच्या उत्पादनात म्यानमार पुढे गेला. एका देशात शेत मोकळे झाले की दुसऱ्या देशात भट्टी पेटते, हा या धंद्याचा स्वभाव आहे.

यातला एक भाग आपल्याच इतिहासाचा आहे आणि तो झाकून ठेवू नये. एकोणिसाव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या माळव्यातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती. तिच्यावर कंपनी सरकार कर घेत होते, आणि मुंबईच्या पहिल्या पिढीतल्या अनेक व्यापारी घराण्यांची संपत्ती त्या व्यापारावर उभी राहिली. 1843 मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर तर माळव्याच्या अफूला मुंबईखेरीज दुसरी मोठी वाटच उरली नाही. चीनला जाणारी ही अफू विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थांबली. ज्या बंदरातून एकेकाळी सरकारच्या आशीर्वादाने अफू गेली, त्याच मुंबईत आज नौदलाच्या पश्चिम कमानचे मुख्यालय आहे, आणि त्या मुख्यालयाची विमाने अफूच्या वारसांचा माग काढतात. राज्यकर्त्याने काय गुन्हा मानायचे हे काळाबरोबर बदलते. म्हणूनच गुन्हा सिद्ध कसा करायचा याचे नियम पक्के असावे लागतात.

एक दिवस, एक गलबत

आता एक मोहीम जवळून पाहू.

जानेवारी 2025 पासून आयएनएस तरकश ही आपली युद्धनौका पश्चिम हिंदी महासागरात तैनात होती. ती बहरीनमध्ये मुख्यालय असलेल्या, चाळीसहून अधिक देशांच्या संयुक्त सागरी दलाच्या 150 क्रमांकाच्या कृती दलाला साहाय्य करत होती. भारत या दलाचा पूर्ण सदस्य नोव्हेंबर 2023 मध्ये झाला. 31 मार्च 2025 रोजी नौदलाच्या पी-8आय टेहळणी विमानाकडून तरकशला एकामागून एक संदेश आले, की या भागात संशयास्पद बोटी फिरत आहेत आणि त्या बेकायदा धंद्यात गुंतलेल्या असू शकतात. तरकशने मार्ग बदलला.

इथे क्षणभर त्या विमानात बसू या. पी-8आय हे बोइंग 737 या प्रवासी विमानाच्या सांगाड्यावर बनवलेले लष्करी विमान आहे. आत नऊ जणांचा चमू असतो. दोघे पुढे विमान चालवतात आणि बाकीचे मागे पडद्यांसमोर असतात. रडारवर समुद्र ठिपक्यांनी भरलेला दिसतो. मोठी मालवाहू जहाजे स्वतःची ओळख, वेग आणि दिशा सांगणारी एआयएस यंत्रणा चालू ठेवतात, त्यामुळे ती लगेच वेगळी काढता येतात. उरतात ते मुके ठिपके. त्यांतले बहुसंख्य ठिपके म्हणजे पोटासाठी जाळे टाकणारे मच्छीमार असतात, आणि त्यांच्याच गर्दीत तस्कर लपलेला असतो. मग एकेका ठिपक्यावर दूरदर्शी कॅमेरा लावून प्रश्न विचारले जातात. मासेमारीची बोट आहे तर जाळे कुठे आहे? पाण्याची रेषा कुठवर चढली आहे, म्हणजे पोटात ओझे किती? झेंडा आहे का? नाव रंगवले आहे की पुसले आहे? विमान वरून गेल्यावर बोटीने दिशा बदलली का? यातले एकही उत्तर गुन्हा सिद्ध करत नाही, पण चार-पाच उत्तरे जुळली की संशयाला आधार मिळतो. प्रत्येक उत्तर वेळेसह, अक्षांश-रेखांशासह आणि चित्रासह नोंदले जाते. हा आकाशातून केलेला पंचनामा आहे.

तरकशने आसपासच्या सगळ्या संशयित बोटींची पद्धतशीर विचारपूस केली. मुंबईतले सागरी कार्यवाही केंद्र, वर विमान आणि खाली नौका अशी तिघांची साखळी जुळली, आणि एक गलबत नक्की झाले. नौकेवरचे हेलिकॉप्टर उडाले. त्याला दोन कामे होती: या गलबतावर काय हालचाल चालली आहे ते पाहणे, आणि जवळपास त्याचे साथीदार आहेत का ते शोधणे. मग झडती पथक आणि मरीन कमांडो गलबतावर चढले. मालाच्या कप्प्यांत आणि कोपऱ्याकोपऱ्यांत सीलबंद पाकिटे निघाली. 2,386 किलो चरस आणि 121 किलो हेरॉईन, मिळून अडीच टनांहून अधिक. गलबत ताब्यात घेतले गेले आणि खलाशांची चौकशी झाली. या सगळ्यात एकही गोळी झाडली गेल्याचे वृत्त नाही. मोहीम यशस्वी झाली हे सांगताना मी वजनाच्या आकड्याआधी ही गोष्ट सांगेन.

याच्या वर्षभर आधी, 13 एप्रिल 2024 रोजी, आयएनएस तलवारने याच कृती दलासाठी 940 किलो माल पकडला होता: 453 किलो मेथॅम्फेटामाइन, 416 किलो चरस आणि 71 किलो हेरॉईन. संयुक्त सागरी दलाचा सदस्य म्हणून भारतीय नौदलाने केलेली ती पहिली जप्ती.

पूर्वेकडचे एक उदाहरण सांगतो. 23 नोव्हेंबर 2024 रोजी तटरक्षक दलाचे डॉर्नियर विमान अंदमानजवळ बॅरन बेटाच्या परिसरात नेहमीच्या गस्तीवर होते. वैमानिकाला एक मासेमारी बोट खटकली. त्याने तिला वेग कमी करायला सांगितले, अंदमान-निकोबार कमानला कळवले, आणि जवळच्या वेगवान गस्ती नौका तिकडे धावल्या. बोट ओढून श्रीविजयपुरमला, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरला, आणली तेव्हा तिच्यात सुमारे साडेपाच ते सहा टन मेथॅम्फेटामाइन होते. बोटीवर म्यानमारचे सहा नागरिक होते. हा माल कुठल्याही गुप्त खबरीवर सापडलेला नव्हता. रोजचे काम रोज नीट करणाऱ्या एका माणसाला काहीतरी खटकले, त्याने ते मनात न ठेवता वर कळवले, आणि सहा टन विष किनाऱ्याला लागले नाही.

वैमानिकाची कारकीर्द

सभागृहात पुढच्या रांगांत बसलेल्या मुला-मुलींसाठी या कारकिर्दीविषयी थोडे बोलतो.

नौदलाच्या हवाई शाखेत दोन मुख्य वाटा आहेत. एक वैमानिकाची. दुसरी पूर्वी ऑब्झर्व्हर म्हणून ओळखली जायची, आता नौदल हवाई कार्यवाही अधिकारी असे तिचे नाव आहे. रडार, कॅमेरे, संदेश आणि शस्त्रे यांचा ताबा या दुसऱ्या अधिकाऱ्याकडे असतो, आणि टेहळणीत निम्म्याहून अधिक डोके त्याचे चालते. चित्रपटात नेहमी पहिला दिसतो, म्हणून दुसऱ्याचे महत्त्व मुद्दाम सांगतो. ज्याला गणित, नकाशे आणि चिकाटी आवडते त्याच्यासाठी ही वाट सोन्यासारखी आहे. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून किंवा केरळमधल्या एझिमलाच्या नौदल अकादमीतून सुरुवात होते. पुढे कोचीच्या आयएनएस गरुड तळावर डॉर्नियरचे आणि टेहळणीचे धडे मिळतात. तयार झालेले अधिकारी पोरबंदर, गोवा, मुंबई, विशाखापट्टणम, अरक्कोणम अशा तळांवर जातात.

आपल्याला जवळचा तळ म्हणजे दाबोळीचा आयएनएस हंस. गोव्याला सहलीला जाणारे आपण ज्या विमानतळावर उतरायचो, त्याच धावपट्टीवरून नौदल गेली अनेक दशके उडते आहे. 29 मार्च 2022 रोजी तिथे पी-8आय विमानांची दुसरी तुकडी, आयएनएएस 316, रुजू झाली. पहिली तुकडी तमिळनाडूतल्या अरक्कोणमला आहे. नौदलाकडे अशी 12 विमाने आहेत. तळापासून बाराशे सागरी मैल, म्हणजे बावीसशे किलोमीटर लांब जाऊन, तिथे चार तास घिरट्या घालून परत यायची या विमानाची ताकद आहे. आष्टीहून दिल्लीच्या कितीतरी पलीकडे जाऊन, तिथे चार तास काम करून, न थांबता घरी परतण्यासारखेच हे आहे.

मुलींसाठी एक नोंद. 3 ऑगस्ट 2022 रोजी पोरबंदरच्या आयएनएएस 314 या तुकडीच्या पाच महिला अधिकाऱ्यांनी डॉर्नियर विमानातून उत्तर अरबी समुद्रावर संपूर्ण महिलांची पहिली स्वतंत्र टेहळणी मोहीम पार पाडली. लेफ्टनंट कमांडर आंचल शर्मा यांच्याकडे नेतृत्व होते. सोबत लेफ्टनंट शिवांगी, लेफ्टनंट अपूर्वा गिते, लेफ्टनंट पूजा पांडा आणि सब लेफ्टनंट पूजा शेखावत होत्या. खडकवासल्यातूनही मे 2025 मध्ये मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, 17 जणींची. दार उघडले आहे, आता तयारीचा प्रश्न आहे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरला 1977 पासून शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, नाशिकला मुलींसाठी तशीच संस्था सुरू झाली आहे, आणि आपल्या विदर्भात चंद्रपूरला सैनिकी शाळा आहे.

आता कष्टाची बाजू. या कामात बहुतेक उड्डाणांत काहीच सापडत नाही. तासन् तास राखाडी पाण्याकडे पाहायचे, शंभर निरपराध बोटी तपासायच्या आणि शंभरावी बोटही पहिलीइतक्याच लक्षाने पाहायची. शौर्यपदकाची छायाचित्रे या दिवसांची नसतात. जोखीमही लहान नाही. 1 ऑक्टोबर 2002 रोजी गोव्यात नौदलाच्या इल्युशिन-38 या टेहळणी विमानांच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात दोन विमाने हवेत एकमेकांवर आदळली आणि त्यांतले बाराही जण गेले. 5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ही सगळी माणसे शांततेच्या काळात, कुठलेही युद्ध चालू नसताना गेली. हुतात्म्यांच्या गावात त्यांचेही स्मरण व्हायला हवे.

बंदूक असूनही

आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो.

आकाशातून संशयित बोट दिसते आणि तिच्यात विष आहे असे वाटते. हाताशी शस्त्र आहे. मग वेळ का घालवायचा, उडवून का टाकू नये? असे विचारणारे लोक आज वाढत आहेत. बाजारात, बसस्थानकावर आणि मोबाईलवरच्या चर्चांत हे ऐकू येते. मुलगा व्यसनात गमावलेल्या आईने असे म्हटले तर मी तिच्याशी वाद घालणार नाही. पण सरकारने असे वागावे का, याचे उत्तर इतिहासात आहे.

दक्षिण अमेरिकेत पेरू देशात 1995 पासून एक कार्यक्रम चालला होता. अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणेची टेहळणी विमाने कोकेन नेणाऱ्या संशयित लहान विमानांचा माग काढायची आणि पेरूचे हवाई दल ती पाडायचे. 20 एप्रिल 2001 रोजी ॲमेझॉन नदीवर एक लहान तरते विमान दिसले. टेहळणी विमानातल्या माणसांना शंका होती, की हे तस्कराचे विमान नसावे. ती शंका त्यांनी बोलूनही दाखवली, पण भाषेचा अडसर होता, घाई होती आणि ओळख पटवायचे टप्पे पुरे झाले नव्हते. पेरूच्या लढाऊ विमानाने गोळ्या झाडल्या. त्या विमानात एक मिशनरी कुटुंब होते. आई आणि तिची सात महिन्यांची तान्ही मुलगी जागीच गेल्या. पायांना गोळ्या लागलेल्या वैमानिकाने जळते विमान नदीवर उतरवले म्हणून बाकीचे वाचले. कार्यक्रम थांबवावा लागला. पुढे अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्याच महानिरीक्षकांनी चौकशी केली आणि निष्कर्ष काढला, की ठरवून दिलेली पद्धत याआधीच्या पाडावांतही पाळली जात नव्हती. शॉर्टकट रोजचे झाले होते. एके दिवशी त्या शॉर्टकटच्या पुढ्यात एक तान्हे मूल आले.

याच अमेरिकेत उलटे उदाहरणही आहे. तिथल्या तटरक्षक दलाने 1990 च्या दशकाच्या अखेरीस हेलिकॉप्टरांची एक खास तुकडी उभी केली. पळणाऱ्या तस्कर बोटीला आधी खुणेने आणि आवाजाने थांबायला सांगायचे, नाही थांबली तर पुढे पाण्यात इशाऱ्याच्या गोळ्या, तरीही नाही तर नेमबाजाने बोटीचे इंजिन फोडायचे. माणसाला धक्का न लावता बोट थांबते, माणूस न्यायालयात जातो, आणि त्याच्याकडून पुढच्या साखळीचा पत्ता लागतो. ही पद्धत अनेक वर्षे चालली. आणि मग 2 सप्टेंबर 2025 रोजी कॅरिबियन समुद्रात त्याच देशाच्या लष्कराने एका बोटीवर थेट हल्ला केला. 11 माणसे मारली गेल्याचे राष्ट्राध्यक्षांनी स्वतः जाहीर केले. त्यानंतर असे हल्ले होत राहिले. त्या बोटींत खरोखर काय होते आणि कोण होते, हे आता कुठल्याच न्यायालयात सिद्ध होणार नाही, कारण पुरावा आणि बहुतेक आरोपी समुद्राच्या तळाशी आहेत.

भारताने हा मार्ग धरला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे. आपल्या पद्धतीला अडचणी आहेत, त्या मान्य करायला हव्यात. खुल्या समुद्रावर दुसऱ्या देशाचा झेंडा लावलेल्या बोटीवर चढायचे तर 1988 च्या संयुक्त राष्ट्र करारानुसार त्या देशाची संमती लागते. 1982 च्या सागरी कायद्याने चाचेगिरी, गुलामांचा व्यापार किंवा बिनझेंड्याची बोट अशा मोजक्या कारणांसाठी युद्धनौकेला परवानगीवाचून चढण्याचा अधिकार दिला आहे, पण अमली पदार्थांसाठी फक्त परस्पर सहकार्याचे बंधन घातले आहे. याचा परिणाम असा होतो, की दूर समुद्रात माल जप्त होतो आणि नष्ट केला जातो, पण खटला चालवायला देश सापडला नाही तर खलाशी अनेकदा सुटून जातात.

याउलट चाचेगिरीचे पाहा. मार्च 2024 मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेले रुएन हे जहाज आपल्या नौदलाने सोडवले. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे 2,600 किलोमीटरवर हवाई दलाच्या सी-17 विमानातून कमांडो आणि त्यांच्या बोटी समुद्रात उतरवल्या गेल्या. आयएनएस कोलकाताने 35 चाच्यांना मुंबईत आणले आणि 23 मार्चला पोलिसांच्या स्वाधीन केले. हे शक्य झाले कारण संसदेने 2022 मध्ये चाचेगिरीविरोधी कायदा केला होता. वैमानिक तोच आहे, कमांडो तेच आहेत आणि समुद्रही तोच आहे. फरक कायद्याचा आहे. अमली पदार्थांच्या बोटीचा तांडेल पकडून सोडून द्यावा लागतो ही उणीव भरून काढायची तर किनाऱ्यावरच्या देशांशी खटल्यांचे आणि आरोपी सोपवण्याचे करार करायला हवेत. तो रस्ता लांबचा आहे, पण त्या रस्त्यावर निरपराध मच्छीमार मरत नाहीत.

आणि माल भारतीय किनाऱ्यावर आला तरी काम संपत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा फार कडक आहेत, म्हणून न्यायालये कार्यपद्धतीही तितक्याच कडकपणे तपासतात. झडती कोणी घेतली, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले का, मोहोर कोणाची होती, हे सगळे विचारले जाते. 2020 मध्ये तूफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तपास अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालणार नाही. म्हणजे आरोपीच्या तोंडून वदवून घेतलेले वाक्य उपयोगाचे नाही. उपयोगाची आहे ती वरून काढलेली चित्रफीत, घड्याळाची वेळ, जागेची नोंद. विमानातल्या त्या अधिकाऱ्याने रात्री दोन वाजता केलेली एक नीटनेटकी नोंद चार वर्षांनी न्यायालयात उभी राहते.

आता आष्टीच्या इतिहासाकडे येतो. 1942 च्या त्या उठावानंतर आष्टीच्या आणि चिमूरच्या लोकांवर खटले चालले. अनेकांना फाशीची शिक्षा झाली. चिमूरमध्ये स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी करा, एवढ्या एका मागणीसाठी सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळींनी 63 दिवस उपोषण केले. त्यांनी कोणाचे डोके मागितले नाही, चौकशी मागितली. अनसूयाबाई काळे आणि त्यांच्याबरोबर देशभरातले असंख्य लोक फाशीच्या शिक्षा रद्द व्हाव्यात म्हणून झटले, आणि त्या कैद्यांचे प्राण वाचले. परक्या सरकारच्या काळातही आपण आग्रह धरला होता, की आरोप म्हणजे शिक्षा नव्हे, आणि मारलेल्या माणसाला पुन्हा उभे करून त्याचे म्हणणे ऐकता येत नाही. मग स्वतःच्या सरकारकडे तोच आग्रह धरताना आपला आवाज का बसावा? तस्कराविषयी मला कणव नाही. पण बोटीत बसलेला प्रत्येक जण तस्कर आहे हे ठरवण्याचा अधिकार मी आकाशातल्या एका माणसाला एकट्याने देणार नाही. आपल्या नौदलाचा चांगला वैमानिकही तो मागत नाही.

घराचा किनारा

विमानाला जे दिसत नाही तेही सांगायला हवे. सप्टेंबर 2021 मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात 2,988 किलो हेरॉईन सापडले. ते दगडी पावडर म्हणून कागदपत्रांसह कंटेनरमधून आले होते. कंटेनरच्या पत्र्यातून कुठलाच कॅमेरा आत पाहू शकत नाही. आणि काही माल तर समुद्राकडून येतच नाही, आपल्याकडेच तयार होतो. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजे पोरांच्या भाषेतले एमडी, जप्त केले. डिसेंबर 2025 मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने आपल्याच वर्धा जिल्ह्यात मेफेड्रोनचा छुपा कारखाना उघडकीस आणला आणि 128 किलो माल पकडला. गांधीजींच्या वास्तव्यामुळे दारूबंदी झालेला हा जिल्हा. इथून जवळच मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी आयुष्यभर गावाला व्यसनातून सोडवायचे काम केले. अशा वर्ध्याच्या मातीत ही भट्टी पेटली होती.

म्हणून मी म्हणतो, की अरबी समुद्रावरचा वैमानिक जे करतो ते काम त्याच्याइतकेच आपलेही आहे. त्याचे काम तीन गोष्टींचे आहे. नीट पाहणे, खरे तेच नोंदणे आणि योग्य ठिकाणी कळवणे. चौथी गोष्ट, म्हणजे शिक्षा, त्याच्या हातात नाही, आणि ती त्याच्या हातात नसण्यातच प्रजासत्ताकाची प्रतिष्ठा आहे. गावात रिकाम्या गोदामात रात्री-अपरात्री रसायनांचे पिंप उतरताना दिसले, शाळेच्या मागच्या रस्त्यावर अनोळखी दुचाकी रोज थांबताना दिसली, तर घोळका करून कोणाला झोडपू नका. निरपराधाला मारले तर ते पाप आपल्या माथी, आणि अपराध्याला मारले तरी खटला कमकुवत होतो आणि त्याच्या मागचा धनी सुटतो. तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून घ्या आणि कळवा.

घरात मूल व्यसनात सापडले असेल तर त्याला गुन्हेगार समजून दार लावू नका. ते आजारी आहे, त्याला उपचार हवे आहेत. ग्रामसभेत दारूवर ठराव होतात, तसा एमडीवरही विषय घ्या. शाळांच्या मुख्याध्यापकांनी वर्षातून एकदा पोलीस आणि डॉक्टर यांना एकाच व्यासपीठावर बोलवावे. आणि ज्यांच्या मनात आज आकाशाची ओढ जागी झाली असेल त्या मुला-मुलींनी दहावीनंतर गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडू नये. खडकवासल्याच्या नौदल आणि हवाई दलाच्या प्रवेशाला बारावीत हे तिन्ही विषय लागतात.

केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाची मानस ही मदतवाहिनी जुलै 2024 पासून चालू आहे. तिचा क्रमांक 1933 आहे. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाते. हा क्रमांक आज घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा.

जय हिंद.